टॅम्पर अलार्म आणि पोकळ भिंत : कीपॅड बसवणीचं एक प्रकरण

अलार्म सिस्टीमच्या कामात कोड टाकायचा कीपॅड भिंतीवर लावणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात घाईतलं काम. पॅनेल (सिस्टीमचा मुख्य डबा) लागलेलं असतं, सेन्सर जोडून झालेले असतात, प्रोग्रॅमिंगवाला लॅपटॉप उघडून बसलेला असतो आणि कीपॅड ‘तेवढा लावून टाक रे’ म्हणून टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाच्या हातात दिला जातो. चार स्क्रू, चार वायरी, त्यात काय एवढं! या प्रकरणात त्या चार स्क्रूंपैकी दोनच मारले होते, आणि जे दोन मारले होते तेही कशातच धरलेले नव्हते.

जागा म्हणजे तळमजल्यावरचा एक दवाखाना. समोर काचेचं दार, त्याला आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर. आत रिसेप्शन, मग तपासणीच्या खोल्या, शेवटी सामानाची खोली आणि मागचं दार. वायर्ड पॅनेल सामानाच्या खोलीत. कीपॅड दोन, एकाच मॉडेलचे: पहिला पुढच्या दाराशी, दुसरा मागच्या दाराशी. दोन्ही जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर.

तक्रारी तीन होत्या. पहिली आणि मोठी म्हणजे रात्री सायरन वाजतो आणि पॅनेलवर ‘टॅम्पर – कीपॅड १’ दिसतं. टॅम्पर म्हणजे उपकरण उघडलं किंवा भिंतीवरून उचललं गेल्याचा इशारा. दुसरी, सकाळी दार उघडणाऱ्या ताईंना कोड टाकायला वेळ पुरत नाही. तिसरी, स्क्रीनवर काय लिहिलंय ते नीट वाचता येत नाही. तिसरी तक्रार कुणी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, ती बोलता बोलता निघाली. सांगणाऱ्याला ज्या गोष्टीची सवय झालेली असते ती तो सांगत नाही, म्हणून अशा ठिकाणी मालकाशी बोलून झालं की रोज सिस्टीम हाताळणाऱ्या माणसाशी वेगळं बोलावं.

आधी काय काय करून झालं होतं तेही विचारलं. कीपॅड बदलला होता. पॅनेलकडची टोकं पुन्हा सोलून घट्ट केली होती. वेळ पुरत नाही म्हणून एंट्री डिले, म्हणजे दार उघडल्यापासून कोड टाकायला मिळणारा वेळ, दोन मिनिटांवर नेला होता. आणि तरीही सायरन थांबेना, तेव्हा प्रोग्रॅमिंगमधून त्या कीपॅडचा टॅम्परच बंद करून टाकला होता. सायरन थांबला. काही दिवसांनी सकाळी डॉक्टरांना कीपॅड एका बाजूने भिंतीपासून सुटून वायरीला लटकताना दिसला. रात्रीची साफसफाई करताना शिडी लागली असावी. पॅनेलला याचा पत्ताच नव्हता. ‘शिडीने निघाला तर कळत नाही, मग चोराने काढला तर काय कळणार?’ असं डॉक्टरांनी विचारलं, आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कुणीतरी कीपॅड पुन्हा जागेवर दाबून बसवला, टॅम्पर सुरू केला आणि सायरनही सुरू झाला. आम्हाला बोलावलं ते या टप्प्यावर.

लॉग काय सांगत होता

अशा प्रकरणात स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी पॅनेलचा इव्हेंट लॉग उतरवून घ्यावा, हा माझा हट्ट असतो. सगळे म्हणत होते की हे ‘रात्रीच’ होतं. लॉगमध्ये दिवसाच्याही नोंदी भरपूर होत्या. या पॅनेलचं सेटिंग असं होतं की सिस्टीम बंद असताना टॅम्पर आला तर नुसती बीप आणि नोंद, सिस्टीम लावलेली असताना आला तर सायरन. रिसेप्शनच्या गजबजाटात बीप कुणाच्या कानावर पडत नव्हती. म्हणजे बिघाड दिवसभर होत होता, वाजायचा फक्त रात्री.

दुसरी गोष्ट, प्रत्येक टॅम्परची नोंद एक-दोन सेकंदांत ‘रिस्टोर’ होत होती. तुटलेली वायर किंवा उघडी राहिलेली केस असं वागत नाही. काहीतरी क्षणभर उघडत होतं आणि परत मिटत होतं.

आता वेळा बघा. एक गठ्ठा संध्याकाळी सिस्टीम लावून माणसं बाहेर पडल्यावर लगेचचा. दुसरा मध्यरात्रीनंतरचा, पण साधारण ठरावीक अंतराने. वॉचमनला विचारलं, राउंडला गेल्यावर दवाखान्याशी काय करता? ‘दार ओढून बघतो ना साहेब, कुलूप लागलंय का ते.’ दोन्ही गठ्ठ्यांचं मूळ एकच निघालं: दार. संध्याकाळी ते क्लोजरमुळे धाडकन मिटायचं, रात्री वॉचमन ते खडखडवायचा.

शिवाय तुलनेला मागचा कीपॅड होताच. तेच मॉडेल, त्याच रिळातली केबल, तसलंच पार्टिशन, आणि त्याच्या नावावर एकही टॅम्पर नाही. त्यामुळे ‘हा मॉडेलच वाईट आहे’ हा नेहमीचा निकाल तिथेच बाद झाला.

वायर बारीक आहे म्हणून व्होल्टेज पडतंय, असंही एक मत आधीच्या मंडळींनी मांडलं होतं. ते मोजूनच निकालात काढलं. केबल २२ एडब्ल्यूजीची (हे तारेच्या जाडीचं माप), चार तारांची: दोन सप्लायच्या, दोन डेटाच्या. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०५३ ओहम. पॅनेलपासून कीपॅड ३५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७० मीटर, रोध सुमारे ३.७ ओहम. बॅकलाइट आणि बझर चालू असताना कीपॅडने १५० मिलिअँपिअर घेतले तरी अर्ध्या व्होल्टच्या थोडंसं वर पडणार. मीटर लावला तर पॅनेलवर १३.७ आणि कीपॅडवर १३.२. गणिताला धरून, आणि कीपॅडच्या लेबलवर छापलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत. मुळात व्होल्टेज कमी पडलं तर पॅनेलशी संपर्क तुटल्याचा फॉल्ट येतो. टॅम्परची नोंद येते ती टॅम्परचा स्विच उघडल्यावर. फॉल्टचं नाव नीट वाचलं असतं तर केबल बदलायचा विषयच निघाला नसता.

बॅकप्लेटच्या मागे

कीपॅडचं पुढचं कव्हर काढलं. भिंतीवर लागणाऱ्या बॅकप्लेटला चार भोकं, स्क्रू वरच्या दोनच भोकांत. तेही साधे लाकडाचे स्क्रू, अँकर (पोकळ भिंतीत स्क्रूला पकड देणारा तुकडा) न घालता थेट साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डात. जिप्सममध्ये असा स्क्रू पिळला की आतला गाभा भुगा होतो आणि स्क्रू केवळ वरच्या कागदाच्या जोरावर उभा राहतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटतं. आता बोटाने ढकलला तर स्क्रू आतल्या आत डुलत होता.

प्लेट उतरवली आणि खरं दुखणं दिसलं. वायर ओढायला सोपं जावं म्हणून बोर्डाला मूठभर भोक पाडलं होतं, तेही करवतीने ओबडधोबड. या कीपॅडच्या पाठीत एक स्प्रिंगवाली छोटी पट्टी असते. कीपॅड भिंतीला टेकला की ती आत दाबली जाते आणि स्विच बंद राहतो. भिंतीपासून उचलला की पट्टी बाहेर येते, स्विच उघडतो, पॅनेलला टॅम्परचा इशारा जातो. तिची चाल जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. ही पट्टी बरोबर त्या भोकाच्या काठावर येत होती, आणि काठावर जिप्सम गळून गेल्याने उरली होती फक्त कागदाची मऊ, सुटलेली कड. स्विच त्या कागदावर टेकून ‘बंद’ होता.

प्लेट परत धरून स्विचवर मीटर लावला, कंटिन्युइटीवर, म्हणजे सर्किट जोडलेलं असेपर्यंत बीप वाजते त्या सेटिंगवर. बीप चालू. दार मोकळं सोडलं. क्लोजरने ते शेवटच्या टप्प्यात जोरात ओढून घेतलं, चौकटीला लागलेलं पार्टिशन थरथरलं आणि मीटरची बीप क्षणभर तुटून पुन्हा लागली. डॉक्टर शेजारीच उभे होते, त्यामुळे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मागचा कीपॅड का शहाण्यासारखा वागत होता, तेही उघडून पाहिलं. तिथलं भोक लहान होतं आणि स्क्रू योगायोगाने आतल्या पत्र्याच्या स्टडमध्ये (पार्टिशनच्या सांगाड्याच्या उभ्या पट्टीत) गेले होते. मुद्दाम शोधून मारलेले नव्हते, कारण प्लेट मधल्या रेषेपासून हलून किंचित तिरकी लागली होती. नशीब चांगलं, इतकंच.

या सगळ्यामुळे टॅम्परकडे बघायची माझी रीत अशी आहे: कीपॅड ज्या भिंतीवर आहे ती भिंत सर्किटचाच एक भाग धरायची. भिंत हलली, खचली, उकरली गेली की सर्किट बदललं. प्रोग्रॅमिंगवाला बिचारा सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतो, पण पॅनेल खोटं बोलत नसतं. स्विच खरोखर उघडलेला असतो. म्हणूनच टॅम्पर बंद करणं हा इलाज नव्हे. युरोपच्या ईएन ५०१३१ मानकात वरच्या ग्रेडच्या सिस्टीमला केस उघडल्याचा टॅम्पर पुरत नाही, उपकरण भिंतीवरून उचललं तेही कळावं लागतं.

काही मॉडेलमध्ये पट्टीऐवजी बॅकप्लेटचाच एक तुकडा कमकुवत जोडाने धरलेला असतो आणि त्याला स्वतःचा वेगळा स्क्रू असतो. कीपॅड उपटला की प्लेट निघते, तुकडा भिंतीवर राहतो, स्विच उघडतो. हा स्क्रू आळसाने सोडून दिलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता कुणाच्याही कामाची पाहणी करताना पहिल्यांदा तोच बघतो. तो नसेल तर कीपॅड अख्खा निघून हातात येतो आणि तुकडाही त्याच्याबरोबर. पॅनेलच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. तीच गत दुहेरी टेपवर चिकटवलेल्या वायरलेस कीपॅडची. टेप जागा ठरवण्यापुरती ठीक, कायमचं काम स्क्रूचं.

जागाच चुकली होती

भोक बुजवून, अँकर घालून कीपॅड तिथेच लावता आला असता. टॅम्परचा प्रश्न बहुधा मिटलाही असता. पण उरलेल्या दोन तक्रारी त्या जागेतूनच येत होत्या.

कीपॅड दाराच्या बिजागरीच्या बाजूला होता आणि दार आत उघडणारं. म्हणजे ताई आत येणार, दार कीपॅडवर झाकण होऊन बसणार, ते मिटेपर्यंत त्या थांबणार, मग मागे वळून कोड टाकणार. हातात पिशवी, बाहेर पेशंट ताटकळलेला. घाईत एक आकडा चुकला की पहिल्यापासून. यावर उपाय म्हणून एंट्री डिले वाढवणं म्हणजे आत शिरणाऱ्या कुणालाही तेवढी मोकळीक देणं. दोन मिनिटांत माणूस रिसेप्शनचा गल्ला रिकामा करून निघूनही जाईल. ईएन ५०१३१-१ मध्ये या वेळेला ४५ सेकंदांची कमाल मर्यादा आहे. अमेरिकेच्या सीपी-०१ मानकात उलट बाजूने विचार केलाय: खोटे अलार्म टाळायचे म्हणून किमान ३० सेकंद द्या. साधारण याच पट्ट्यात राहावं, आणि वेळ पुरत नसेल तर घड्याळाऐवजी कीपॅड हलवावा.

उंचीही विचित्र होती. वरच्या स्विचबोर्डाच्या रेषेत दिसायला बरं म्हणून कीपॅडची खालची कड पावणेदोन मीटरवर. असे साधे एलसीडी एका ठरावीक कोनातूनच स्वच्छ दिसतात, खालून वर पाहिलं की अक्षरं पुसट होतात. त्यात समोरून काचेतला उजेड. सर्वसाधारणपणे कीपॅडचा मध्य जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरच्या दरम्यान असावा. व्हीलचेअरवरून कुणी वापरणार असेल तर खालच्या टोकाला, कारण अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या नियमांत हात पोहोचण्याची वरची मर्यादा ४८ इंच, म्हणजे १.२२ मीटर धरली आहे. स्विचबोर्डाशी रेष जुळवणं ही इंटिरिअरवाल्यांची हौस. ती पुरवावी, पण वाचता आलं पाहिजे या अटीवर.

आणि काचेतून बाहेरच्या माणसाला कोड टाकणारी बोटं दिसत होती, सिस्टीम लावलेली आहे की नाही तो दिवाही दिसत होता. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. व्हायला हवी होती.

नवी जागा ठरली ती दाराच्या कुलपाच्या बाजूला, आत साधारण दीड मीटरवर असलेल्या विटांच्या खांबावर, दाराशी काटकोनात. आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला सरळ येते, बाहेरून दिसत नाही, आणि दार आपटलं तरी खांब हलत नाही. एकच अडचण होती: तिथपर्यंत जाताना माणूस रिसेप्शनच्या मोशन सेन्सरपुढून जातो. त्या सेन्सरचा झोन, म्हणजे पॅनेलमधला त्याचा विभाग, ‘तात्काळ’ प्रकारचा राहिला असता तर कोड टाकण्याआधीच सायरन. म्हणून तो एंट्रीच्या मार्गावरचा झोन म्हणून बदलला. दार आधी उघडलं तर सेन्सर डिले मानतो, दार न उघडता कुणी आत दिसलं तर लगेच वाजतो. कीपॅड आत सरकवणारे हा बदल विसरतात आणि दुसऱ्या सकाळी नव्या तक्रारीचा फोन येतो.

खांबावरचं काम

जुनी केबल नव्या जागी पोहोचत नव्हती. फॉल्स सीलिंगमध्ये जोड देऊन वाढवता आली असती, पण छतात लपलेला जोड पुढच्या माणसाला सापडत नाही. पॅनेलपासून नवीन अखंड केबल ओढली, मेन्सच्या वायरींपासून अंतर राखून आणि जिथे ओलांडावं लागलं तिथे काटकोनात.

खांबावर खाली स्विचबोर्ड होता. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कन्सील पाइप असणार हे धरूनच चालायचं, डिटेक्टर काहीही म्हणो. डिटेक्टर फिरवून खात्री केली आणि तो पट्टा सोडून बाजूला खुणा केल्या. पाणसळ लावून प्लेटचा आडवेपणा पाहिला, पेन्सिलने भोकं टिपली. ड्रिल करताना इलेक्ट्रॉनिक्सवाला भाग प्लेटवर ठेवायचा नाही, तो पिशवीत बंद. विटेची बारीक धूळ बटणांच्या खाली गेली की काही महिन्यांनी एखादं बटण दाबूनही लागत नाही, आणि दोष कंपनीला दिला जातो.

भोक सहा मिलिमीटरचं, ड्रिलचा हॅमर विटेला लागल्यावरच चालू. गिलावा साधारण दीड सेंटिमीटर होता. गिट्टी (स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लास्टिकचा प्लग) नुसत्या गिलाव्यात अडकली तर पार्टिशनसारखंच होतं, फक्त उशिरा. म्हणून भोक खोल घेतलं, गिट्टी गिलाव्याच्या पार विटेत ढकलली आणि तेवढ्याच लांबीचा स्क्रू घेतला. स्क्रूचं डोकं चपट्या बुडाचं. काउंटरसंक, म्हणजे खाली निमुळतं होणारं डोकं प्लास्टिकच्या भोकात पाचरीसारखं शिरतं, प्लेट तडकते. त्याहून वाईट म्हणजे डोकं वर राहिलं तर सर्किट बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकू शकतं.

मग आला भिंतीचा उंचवटा. डोळ्यांना खांब सपाट दिसत होता. पट्टी धरून पाहिली तर मधोमध गिलावा दोनेक मिलिमीटर फुगलेला. अशा भिंतीवर चारही स्क्रू ताकदीने आवळले की प्लेट कमानीसारखी वाकते. मग कव्हर खालच्या बाजूने खटकन बसत नाही, आणि टॅम्परची पट्टी एकतर अर्धवट दाबलेली राहते किंवा इतकी दाबली जाते की कीपॅड उचलला तरी लवकर सुटत नाही. टीममधला मुलगा वॉशर घालू लागला होता. वॉशरने प्लेट सरळ होते, पण भिंतीत आणि प्लेटमध्ये फट राहते. त्या फटीत पातळ पट्टी सरकवून टॅम्पर दाबून धरता येतो. म्हणून वॉशर काढले आणि उंचवटा पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने घासून उतरवला. वेळखाऊ, धुळीचं काम, पण पर्याय नाही. मग स्क्रू तिरप्या क्रमाने, डोकं टेकेपर्यंत, आणि तिथे थांबायचं.

वायर येण्याचं भोक प्लेटच्या खिडकीपुरतंच ठेवलं आणि वायर जोडून झाल्यावर बुजवलं. छतातली थंड किंवा दमट हवा पाइपातून थेट सर्किटवर येते, त्यातून ओल धरते. कीपॅडमध्ये तापमान दाखवायची सोय असेल तर तेही चुकीचं दिसतं. मुंग्यांना तर तो हमरस्ताच. बुजवायला सिलिकॉन वापरायचं तर न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं जे सिलिकॉन असतं, ते वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि तांब्याची टोकं गंजवतं.

तपासणी दोन्ही बाजूंनी केली. खांबावर मुठीने ठोकलं, दार मुद्दाम आपटलं, वॉचमनला खडखडवायला सांगितलं: टॅम्पर येता कामा नये. मग स्क्रू सैल करून प्लेट थोडी उचलली: टॅम्पर आलाच पाहिजे. दुसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि नुसती पहिली पास होणं काही सिद्ध करत नाही. टॅम्पर बंद ठेवलेला कीपॅडही ती पास होतो. एंट्री डिले ३० सेकंदांवर आणला. ताईंनी दार उघडून कोड टाकून दाखवला, वेळ निम्मा उरला.

जुनं भोक बोर्डाचा तुकडा लावून बुजवलं. मागच्या कीपॅडची प्लेट सरळ करून चारही स्क्रू भरले: दोन स्टडमध्ये, दोन टॉगल अँकरवर (बोर्डाच्या मागे उघडून धरणारे अँकर). क्लोजरचा शेवटच्या टप्प्याचा वेगही त्याच्या स्क्रूने कमी केला. आता कीपॅडला त्याची गरज नव्हती, पण चौकटीशी पार्टिशनला तडा जायला लागला होता.

पुढच्या देखभालीला लॉग उतरवला तेव्हा कीपॅड १ चा एकच टॅम्पर होता, भर दिवसाचा, आणि लांबलचक. खांब रंगवायचा म्हणून रंगाऱ्याने कीपॅड उतरवून बाजूला लटकवून ठेवला होता. काम झाल्यावर परत बसवलाही होता, पण प्लेटच्या काठाशी रंगाचा जाड ओघळ वाळून टणक झाला होता आणि एक कोपरा उचललेला होता. ओघळ खरवडून काढला, स्क्रू पुन्हा टेकवले आणि दोन्ही तपासण्या परत घेतल्या.